हिवाळा, हिम आणि सौर पॅनेल : काही सल्ल्यांची तपासणी

कॅनडा, स्वित्झर्लंड, उत्तर जपान अशा प्रदेशांत वर्षातील कित्येक महिने जमीन हिमाने झाकलेली असते. तेथे घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांसाठी सल्ल्यांची वाण नाही. विक्रेत्यांची माहितीपत्रके, वृत्तपत्रांतील लेख, ऊर्जाबचतीच्या पुस्तिका यांत काही सल्ले इतक्या वेळा येतात की त्यांना नियमांचे रूप आले आहे. 'थंडीत पॅनेल जास्त वीज देतात'. 'पॅनेलचा कोन अक्षांशाइतका ठेवा, हिवाळ्यासाठी त्यात १५ अंश मिळवा'. 'हिमावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा फायदा मिळतो'. 'हिमामुळे होणारे नुकसान किरकोळ असते'. आणि याच्या अगदी उलट, 'हिम पडले की लगेच झाडून काढा'.

यांपैकी एकही विधान सपशेल खोटे नाही. दोष आहे तो ती अर्धवट सांगण्यात. आपल्या वर्गातील मुलांनी हिम पाहिलेले नसेल. पण ही विधाने तपासण्यासाठी शालेय विज्ञान व गणित पुरेसे आहे. उदाहरणासाठी कॅनडातील एडमंटन हे शहर घेऊ. त्याचा अक्षांश सुमारे ५३.५ अंश उत्तर आहे.

थंडीचा फायदा

सौर पॅनेलला उष्णता लागते, ही समजूत आपल्याकडेही आढळते. पाणी तापवणारा सौरबंब आणि वीज देणारे सौर पॅनेल यांत गल्लत झाल्याने ती रुजली आहे. पॅनेलला हवा असतो प्रकाश. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशामागे ती सुमारे ०.३ ते ०.५ टक्क्यांनी घटते. हा दर ०.४ टक्के धरला, तर ६० अंशांपर्यंत तापलेले पॅनेल १४ टक्के कमी वीज देईल आणि उणे ५ अंशांचे पॅनेल, तितक्याच प्रकाशात, १२ टक्के जास्त.

'तितक्याच प्रकाशात' हे शब्द माहितीपत्रकांतून गळतात. एडमंटनमध्ये जूनचा दिवस सुमारे १७ तासांचा, तर डिसेंबरचा जेमतेम साडेसात तासांचा असतो. थंडीने दिलेले १२ टक्के दिवसाची ही तूट कशी भरून काढणार?

थंडीची दुसरी बाजू तर बहुधा सांगितलीच जात नाही. तापमान उतरले की पॅनेलचे विभवांतर वाढते, अंशामागे साधारण ०.३ टक्के. प्रत्येकी ४० व्होल्टची १४ पॅनेल एकसर जोडली तर ५६० व्होल्ट होतात. उणे ३५ अंशांच्या पहाटे, सूर्य उगवताच, हेच विभवांतर १८ टक्क्यांनी वाढून ६६० व्होल्टपर्यंत जाते. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्टची असेल तर तो बिघडण्याचा धोका असतो. म्हणून पॅनेलची संख्या तेथील नीचांकी तापमान धरूनच ठरवावी लागते.

कोनाचा नियम

२१ डिसेंबरला एडमंटनमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती उंच असेल? ९० मधून ५३.५ आणि २३.५ वजा करा : केवळ १३ अंश. जूनमध्ये हीच उंची ६० अंश असते. दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनेलवर किरण किती सरळ पडतात हे सूर्याची उंची व पॅनेलचा कोन यांच्या बेरजेच्या साइनवरून कळते. आडव्या पॅनेलसाठी डिसेंबरात ही किंमत ०.२२ येते, १४ अंशांच्या उताराला ०.४५, ५३ अंशांना ०.९१ आणि उभ्या पॅनेलला ०.९७. जूनमध्ये मात्र उभ्या पॅनेलची किंमत ०.५ पर्यंत उतरते, तर १४ अंशांची ०.९६ वर चढते.

तेव्हा अक्षांशाचा नियम भूमितीच्या दृष्टीने ठीक आहे. पण तेथील कित्येक घरांच्या छपरांचा उतार १४ ते २७ अंशांचा असतो आणि पॅनेल छपराला समांतर बसवतात. अशा घरमालकाला 'अक्षांश अधिक १५' म्हणजे ६८ अंशांचा कोन सांगणे म्हणजे छपरावर वाऱ्याला अडवणारी चौकट उभारायला सांगणे होय. वाऱ्याच्या व हिमाच्या भाराचा विचार न करता दिलेला हा सल्ला धोक्याचा आहे.

परावर्तन कोणाला मिळते?

ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत फेकते. हिरवळ सुमारे २० टक्के. हे खरे. पण तो प्रकाश पॅनेलपर्यंत पोहोचायचा तर पॅनेलला समोरची जमीन 'दिसली' पाहिजे. उभ्या पॅनेलच्या दृष्टिक्षेत्राचा निम्मा भाग जमिनीने व्यापलेला असतो, ५३ अंशांच्या पॅनेलच्या बाबतीत सुमारे पाचवा हिस्सा आणि १४ अंशांच्या बाबतीत दीड टक्का! म्हणजे कमी उताराच्या छपरावरील पॅनेलला हिमाच्या शुभ्रतेचा उपयोग नाही. उलट हिम साचते ते त्याच्यावरच. परावर्तनाचा लाभ भिंतीवर वा कुंपणावर उभ्या बसवलेल्या आणि दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या पॅनेलना होतो.

किरकोळ, पण कशाच्या मानाने?

खरा प्रश्न येथे आहे. एडमंटनच्या नॉर्दर्न अल्बर्टा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने काही वर्षे एक साधा व सुंदर प्रयोग केला. १४ ते ९० अंशांपर्यंतच्या सहा कोनांवर पॅनेलच्या जोड्या बसवल्या. प्रत्येक जोडीतील एका पॅनेलवरचे हिम झाडले जाई, दुसऱ्यावरचे तसेच ठेवले जाई. वार्षिक उत्पादनातील घट सर्वांत कमी उताराला ५ टक्क्यांच्या आसपास आणि उभ्या पॅनेलला १ टक्क्याच्या आसपास आढळली. 'हिमाचे नुकसान किरकोळ' या विधानाला असा भक्कम आधार आहे.

पण टक्केवारी वर्षाची आहे, हे विसरून चालणार नाही. समजा एका घराचे पॅनेल वर्षाला ६,००० युनिट वीज देतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत त्यांतील ९०० युनिट मिळतात. हिमामुळे होणारी वार्षिक घट ४ टक्के, म्हणजे २४० युनिट, आणि ती सारी याच चार महिन्यांतली आहे असे धरू. मग हिवाळ्याच्या हिशेबात ती २७ टक्के होते. नुकसान तेच, छेद बदलला.

आता दोन घरे डोळ्यांसमोर आणा. पहिले घर वीजजाळ्याला जोडलेले आहे, उन्हाळ्यातील जादा विजेचे पैसे हिवाळ्याच्या बिलातून वळते होतात. त्याला ४ टक्के हाच योग्य आकडा. दुसरे घर जंगलात, बॅटरीवर चालणारे आहे. त्याला वर्षाच्या सरासरीचा काही उपयोग नाही. जुलैचे ऊन डिसेंबरच्या रात्री दिवा लावत नाही. त्याच्या दृष्टीने २७ टक्केसुद्धा कमीच. सलग आठ दिवस पॅनेल झाकलेले राहिले तर त्या आठवड्यात घट शंभर टक्के असते. शिवाय एडमंटनचे हिम बहुधा कोरडे व हलके. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जड, ओल्या हिमाला तेथील आकडे लावता येणार नाहीत.

हा भेद राष्ट्रीय पातळीवरही मान्य झाला आहे. स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये आल्प्समधील मोठ्या सौर प्रकल्पांना सवलत देताना अट घातली ती ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांच्या उत्पादनाची : दर किलोवॅट क्षमतेमागे किमान ५०० युनिट. वार्षिक आकड्याआड हिवाळा लपतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले. घरमालकांसाठीच्या पुस्तिकांनी ते अजून ओळखायचे आहे.

झाडावे की वितळवावे?

पहिल्या प्रकारच्या घरमालकाने दोनशे युनिटांसाठी निसरड्या छपरावर चढणे हा शुद्ध अविचार आहे. दुसऱ्याने पॅनेल छपरावर न बसवता जमिनीवर, हात पोहोचेल अशा उंचीवर आणि ६० अंशांहून अधिक कोनात बसवावेत. मऊ रबरी पट्टीने हिम ओढता येते. धातूचे फावडे काचेवर ओरखडे पाडते आणि गरम पाणी ओतल्याने काच तडकू शकते.

विजेने हिम वितळवण्याचाही सल्ला दिला जातो. त्याचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर १० सेंटिमीटर ताजे हिम म्हणजे सुमारे २० किलो. अप्रकट उष्मा किलोला ३३४ किलोज्यूल. एकूण जवळजवळ १.९ युनिट. ४०० वॅटच्या या पॅनेलला तीन तास भरपूर ऊन मिळाले तरी वीज येणार १.२ युनिट. तळाचा पातळ थर वितळवून बाकीचे घसरू दिले तर खर्च कमी होईल, हे खरे. पण त्यासाठी उतार हवा आणि खाली कोणी उभे नको.

एक उपयुक्त गोष्ट मात्र पुस्तिकांत क्वचितच असते. हिम घसरताना पॅनेलच्या खालच्या कडेशी अडते. नेहमीच्या रचनेचे पॅनेल उभट बसवलेले असेल तर त्या एका पट्टीमुळे एकसर जोडलेले तिन्ही गट अडतात आणि वीज जवळजवळ थांबते. तेच पॅनेल आडवे बसवले तर बायपास डायोडमुळे एकच गट बाद होतो आणि दोन तृतीयांश वीज मिळत राहते. अर्ध्या कापलेल्या घटांच्या नव्या पॅनेलमध्ये उभट मांडणीतही वरचा अर्धा भाग चालू राहतो. यासाठी वेगळा खर्च नाही, बसवताना विचार तेवढा हवा.

सल्ला देणाऱ्याने आधी दोन गोष्टी विचाराव्यात : घर जाळ्याला जोडलेले आहे की नाही, आणि हिशेब वर्षाचा मांडायचा की हिवाळ्याचा? शिक्षकांनी मुलांना वरील उदाहरणातील ६,००० व ९०० हे आकडे बदलून टक्केवारी पुन्हा काढायला सांगावी. वृत्तपत्रातील कोणतीही टक्केवारी वाचताना 'कशाचे टक्के?' असे विचारण्याची सवय त्यातून लागेल.