शालेय ग्रंथपालांचे प्रशिक्षण : साक्षरता आणि तंत्रज्ञान यांची फारकत

शालेय ग्रंथपालांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात ‘तंत्रज्ञान’ या शब्दाचा अर्थ फार संकुचित झाला आहे. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या कार्यशाळांतील बहुतेक सत्रे ई-ग्रंथालय वा कोहा यांसारख्या प्रणालींत नोंदी कशा भराव्यात, बारकोड कसे लावावेत, अहवाल कसे काढावेत यांतच खर्ची पडली. वाचनाच्या वाट्याला समारोपाचे भाषण तेवढे आले. ग्रंथांची यादी संगणकावर चढली की ग्रंथालय आधुनिक झाले, हा समज अशाने दृढ होतो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र ग्रंथांच्या उपयोगाचे आहे. नोंदणी हे त्याचे साधन होय.

इफ्ला या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाची २०१५ ची शालेय ग्रंथालयविषयक मार्गदर्शक तत्त्वे याउलट वाचनसंवर्धन, माध्यम व माहिती साक्षरता आणि तंत्रज्ञानाचा वापर यांना ग्रंथपालाच्या अध्यापनकार्यातच स्थान देतात. शिक्षकांच्या व्यावसायिक विकासातही त्याचा वाटा मानतात. आपल्याकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणात ग्रंथपालास श्रोता म्हणून तरी किती वेळा बोलावले जाते?

एक साधे उदाहरण घेऊ. सातवीतील विद्यार्थिनीला पंडिता रमाबाईंवर प्रकल्प करावयाचा आहे. शोधयंत्राने दिलेला पहिला मजकूर ती उतरवून घेते. येथे ग्रंथपालाचे काम सुरू होते. मराठी विश्वकोशातील नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. विकिपीडियावर लेखक एक नसतो, पण ‘इतिहास’ या दुव्यावर कोणी, केव्हा, काय बदलले हे दिसते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून ‘हे कोणी लिहिले, आणि तू कशावरून मानतेस?’ असे विचारणे ही साक्षरताच आहे, आणि तंत्रज्ञानही. हे विचारण्यासाठी बारकोड यंत्र लागत नाही. ग्रंथपालाने स्वतः अशा नोंदी ताडून पाहिलेल्या असाव्या लागतात. असा सराव एकदिवसीय कार्यशाळेत होत नाही.

दोष केवळ प्रशिक्षकांचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे सांगते. ग्रंथपालाचा मात्र तीत उल्लेख नाही. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपये वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. पुस्तके आली, ती मुलांपर्यंत नेणारा माणूस गृहीत धरला गेला. प्राथमिक शाळेत बहुधा एखाद्या शिक्षकाकडेच कपाटाची किल्ली असते.

टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाने गोव्यातील ‘बुकवर्म’च्या सहकार्याने ग्रंथालय-शिक्षकांसाठी चालवलेला अभ्यासक्रम येथे लक्षात घ्यावा. काही महिन्यांचा कालावधी, संपर्कवर्ग, आणि मधल्या काळात आपल्याच ग्रंथालयात प्रत्यक्ष काम अशी त्याची रचना आहे. त्याचा भर बालसाहित्यावर आहे, माहिती साक्षरतेवर नाही, ही मर्यादा खरी. पण ही रचना उचलण्याजोगी आहे. ग्रंथालयशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांना परिसरातील शाळांसाठी ती सहज राबविता येईल. संगणक कक्ष आणि अध्यापक दोन्ही त्यांच्याकडे आहेत. वेळापत्रकात शाळांसाठी जागा तेवढी करावी लागेल.