गुरूची मूठ आणि हिमालयाची वाट

गेल्या वर्षावासात विहारातील व्याख्यान संपल्यावर एक तरुण आमच्यापाशी आला. घराण्यातील पहिला पदवीधर, बँकेत नोकरी. त्याच्या हाती लामा अनागारिक गोविंद यांचा ‘द वे ऑफ द व्हाइट क्लाउड्स’ हा ग्रंथ होता. नोकरी सोडून दोन वर्षे हिमालयात हिंडावे आणि एखादा सिद्ध गुरू शोधावा, असे त्याच्या मनाने घेतले होते. “सर, भगवंतांनीसुद्धा घर सोडलेच ना?” असा प्रश्न त्याने केला. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हांलाच अपुरे वाटले. म्हणून हिमालयातील गुरुशोधाचे काही प्रमुख ग्रंथ आम्ही पुन्हा वाचले. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फलित होय.

पालि वाङ्मयातील हिमवन्त

पालि वाङ्मयाला हिमालय परका नाही. जातककथांतील कितीतरी तापस हिमवन्त प्रदेशात जातात, तेथे ध्यान आणि अभिञ्ञा प्राप्त करतात, आणि मीठ व आंबट खावयास मिळावे म्हणून पुन्हा वाराणसीस उतरतात. हा मिठाचा तपशील आम्हांला फार मोलाचा वाटतो. कंदमुळांवर राहणाऱ्या ऋषीलाही अखेर गावातील कष्टकऱ्यांच्या घरचे मीठ लागते, हे त्या कथाकारांना ठाऊक होते. थेरगाथेतही पर्वतावरील एकांताचा आनंद मोकळेपणाने व्यक्त झाला आहे. तेव्हा डोंगर आणि एकांत यांविषयी बौद्ध परंपरेला आकस आहे असे कोणी म्हणू नये.

परंतु सिद्धार्थ गौतमाच्या शोधाची दिशा पाहावी. त्यांचा जन्म हिमालयाच्या पायथ्याचा. सुत्तनिपातातील पब्बज्जा सुत्तात बिंबिसार राजाला स्वतःची ओळख देताना ते आपले लोक हिमवन्ताच्या कुशीत राहतात असे सांगतात. असा हा शाक्यपुत्र घर सोडल्यावर जवळचा पर्वत मागे टाकून मगधाकडे, राजगृहाच्या गजबजलेल्या प्रदेशाकडे जातो. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन आचार्यांपाशी शिकतो. दोघेही त्याला आपल्या गणाचे नेतृत्व देऊ करतात. अरियपरियेसन सुत्तातील हा प्रसंग सर्वपरिचित आहे, तथापि त्याचा अर्थ पुरता ध्यानात घेतला जात नाही. गुरू मिळाले होते, गुरूची गादीही मिळत होती. तरी दुक्खाचा अंत तेथे नाही असे कळताच गौतम निघाले.

पुढे तथागतांनी या अनुभवाचे शास्त्रच बनविले. मज्झिम निकायातील वीमंसक सुत्तात ते भिक्षूंना खुद्द तथागतांचीच परीक्षा करण्यास सांगतात. महापरिनिब्बान सुत्तात आपण ‘आचरियमुट्ठि’, म्हणजे आचार्याने शिष्यापासून झाकून ठेवलेली मूठ, कधीही ठेवली नाही असे ते आनंदाला बजावतात. धम्मपदाच्या बुद्धवग्गात पर्वत, अरण्ये आणि चैत्यवृक्ष यांचा आश्रय घेणाऱ्या भयग्रस्त माणसांविषयी सांगून तो आश्रय निर्भय नव्हे असा निर्वाळा दिला आहे. आणि रोहितस्स सुत्तातील तो ऋषी! पूर्व समुद्रापासून पश्चिम समुद्रापर्यंत पोहोचेल एवढे त्याचे एकेक पाऊल. जगाचा अंत गाठण्यासाठी तो शंभर वर्षे चालला आणि वाटेतच मरण पावला. भगवंत त्याला समजावतात की जग, त्याचा उदय, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग हे सारे या वावभर देहातच पाहावयाचे आहे.

यावरून आम्ही तीन कसोट्या घेतो. प्रवाशाने गुरूची परीक्षा केली काय? परत येताना त्याने असे काय आणले की जे दुसऱ्या कोणासही उघड्या हाताने देता येईल? आणि त्याच्या प्रवासाचे ओझे कोणी वाहिले?

शुभ्र मेघांची वाट

गोविंद यांचे मूळ नाव एर्न्स्ट लोथार हॉफमन. जन्म जर्मनीत, १८९८ साली. १९२८ मध्ये ते सिंहलद्वीपास आले. अभिधम्माचा त्यांचा अभ्यास चांगला होता, आणि तिबेटी परंपरा ही मूळ धम्माची विकृती आहे असे त्यांचे आरंभी मत होते. १९३१ साली ते दार्जिलिंग येथील बौद्ध परिषदेस गेले. तेथे वादळी हवामानामुळे त्यांना घूमच्या मठात आश्रय घ्यावा लागला, तोमो गेशे रिंपोचे यांची भेट झाली, आणि त्यांचे जीवन पालटले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात ही हकीकत येते.

ग्रंथाची भाषा चित्रकाराची आहे. तिबेटच्या पठारावरील रंग, निःशब्दता आणि प्रकाश यांचे वर्णन वाचताना मन खरोखर स्थिर होते. तथापि पहिल्या कसोटीवर हा ग्रंथ उणा पडतो. गुरूविषयीची लेखकाची श्रद्धा पहिल्या भेटीपासून पूर्ण आहे. तिची वाढ दिसत नाही, परीक्षा तर नाहीच. तंद्रीत अफाट वेगाने चालणारे साधक, भविष्यवाणी, पुनर्जन्म घेतलेले लामा हे सारे अनुभवाच्या साक्षीवर मांडले जाते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे प्रसंग आठवून लिहिताना स्मृतीत काय मिसळले असेल, ही शंका लेखकाला शिवत नाही. अभिधम्मातील चित्तविश्लेषण ज्याने अभ्यासले त्याच्याकडून ही अपेक्षा अवाजवी नव्हती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. धम्म ‘पच्चत्तं वेदितब्ब’ आहे, ज्याचा त्यानेच जाणावयाचा आहे. मग आंतरिक अनुभव उघड्या हाताने द्यावयाचा कसा? आमचे उत्तर असे की त्याच परंपरेने धम्माला ‘एहिपस्सिक’ असेही म्हटले आहे. अनुभव ज्याचा त्याचा असतो, परंतु त्याकडे नेणारी वाट सर्वांना पाहता येईल अशी असावी लागते. ज्या वाटेच्या तोंडाशी गुप्त दीक्षेचा पहारा आहे, तिच्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी पहारेकऱ्याची चौकशी करण्याचा अधिकार आपण सोडता कामा नये.

ग्रंथाचा उत्तम भाग मात्र वेगळाच आहे. १९४८-४९ मध्ये गोविंद आणि त्यांच्या पत्नी ली गोतमी पश्चिम तिबेटातील त्सापरांग या ओसाड राजधानीत राहिले. ली गोतमी मूळच्या मुंबईच्या पारशी कुटुंबातील रत्ती पेटिट, शिक्षणाने चित्रकार. कडाक्याच्या थंडीत, स्थानिक अधिकारी केव्हा हुसकावतील याचा भरवसा नसताना, त्या बाईंनी तेथील मंदिरांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती घेतल्या. पुढे चीनमधील सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्या मंदिरांतील मूर्ती फोडल्या गेल्या. आज त्या मंदिरांचे पूर्वरूप जाणावयाचे तर या दांपत्याची चित्रे आणि छायाचित्रे हाच मोठा आधार. पतीची दीक्षा पतीपाशी राहिली. पत्नीची रेघ जगाला मिळाली. या निकषावर ग्रंथाची खरी नायिका ली गोतमी होत, असे आम्ही म्हणतो.

हमाल आणि गुरू

पीटर मॅथिसन यांचे ‘द स्नो लेपर्ड’ हे १९७८ चे पुस्तक अधिक प्रामाणिक आहे. पत्नीचे १९७२ मध्ये कर्करोगाने निधन झाले होते. पुढच्या वर्षी प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्याबरोबर ते नेपाळच्या डोल्पो भागातील शे गोम्पाकडे निघाले. शॅलर यांना तेथील भरल या रानमेंढ्यांचा अभ्यास करावयाचा होता; मॅथिसन यांना त्या मठाच्या लामांची भेट हवी होती, आणि हिमबिबट्या दिसला तर तोही. बिबट्या त्यांना दिसत नाही. लामा भेटतात. ते पायांनी अधू आहेत, डोंगरातील कुटी सोडून कोठे जाऊ शकत नाहीत. आणि आपल्याला दुसरा पर्यायच नसल्यामुळे आपण येथे अगदी आनंदात आहोत, असे ते हसत हसत सांगतात.

या पुस्तकात शेर्पा आणि हमाल दिसतात. त्यांची थंडी, त्यांची कुरकूर, त्यांचे विनोद लेखकाने टिपले आहेत. तुक्तेन नावाचा एक शेर्पा, ज्याच्याविषयी बरोबरचे लोक संशयाने बोलतात, तोच हळूहळू लेखकाला शिक्षकासारखा वाटू लागतो. अखेरीस बौद्धनाथला भेटावयाचे ठरते. लेखक तेथे जातो आणि तुक्तेन येत नाही. तिसऱ्या कसोटीपाशी आलेला हा लेखक तेथेच थांबतो. ज्याच्या पाठीवर आपले सामान आहे त्याच्यात गुरू दिसला, हे मोठेच. परंतु त्याच्या पाठीवर ते सामान का आहे, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न आपल्या वाचकांना तरी नवा नसावा. हिमालयातील बौद्ध समाज उच्चनीचतेतून मुक्त आहे असा समज करून घेऊन प्रवासी जातात. लडाखमध्ये वाद्ये वाजविणारे मोन आणि बेडा, लोहारकाम करणारे गारा या समूहांना पंक्तीत आणि सोयरिकीत वेगळेपणा सोसावा लागला आहे. मठाच्या घंटेचा नाद ऐकणाऱ्या प्रवासवर्णनांत हा ढोल वाजविणारा माणूस फारसा भेटत नाही.

मॅथिसन यांनी आठ वर्षांच्या मातृहीन मुलाला मागे ठेवले, ही गोष्टही वाचकाला टोचते. त्याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु सिद्धार्थानेही राहुलाला मागे ठेवले होते, असे कोणी म्हणाल्यास आपणांस गप्प बसता येणार नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलियांच्या तंट्यात शोधले, आणि निघण्यापूर्वी आईबाप व यशोधरा यांच्याशी सिद्धार्थाचे बोलणे दाखविले, त्याचे महत्त्व येथे कळते. त्यांच्या मांडणीत घर सोडणे हे युद्ध टाळण्यासाठी पत्करलेले देशांतर आहे. घरच्यांना अंधारात ठेवून केलेले पलायन नव्हे.

कोसंबींची निराशा

मराठी वाचकाला या विषयावरचा सर्वांत मोलाचा ग्रंथ परभाषेत शोधावा लागत नाही. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ १९२४ साली प्रसिद्ध झाले. गोव्यातील साखवाळचा हा अल्पशिक्षित तरुण बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये घराबाहेर पडला. पत्नी आणि तान्ही मुलगी मागे राहिली. त्यांची बाजू ‘निवेदना’त आपणांस फारशी ऐकू येत नाही, ही उणीव नमूद केलीच पाहिजे. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे काशीस जाऊन कोसंबींनी तेथे संस्कृत शिकले आणि अन्नछत्रांत जेवून दिवस काढले. ती अन्नछत्रे ब्राह्मणांसाठी होती. त्याच ओढीने एखादा महार तरुण त्या काळी निघाला असता तर त्याची वाट पहिल्या पंक्तीपाशीच संपली असती. कोसंबींच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. शोधाची वाट सर्वांना सारखी खुली नव्हती, एवढेच सिद्ध होते.

१९०२ मध्ये ते मोठ्या आशेने काशीहून नेपाळास गेले. तेथे धम्माची जी अवस्था त्यांना दिसली तिने त्यांची घोर निराशा झाली. ही निराशा त्यांनी जशीच्या तशी लिहिली, हे ‘निवेदना’चे बळ. हिमालयात जाऊन गुरू सापडला नाही, असे लिहिणारे प्रवासी विरळा. अर्थात त्यांचा निर्णय घाईचा होता, असेही म्हणता येईल. कारण ज्या नेवार बौद्धांविषयी ते निराश झाले, त्यांनीच महायानाचे संस्कृत ग्रंथ शतकानुशतके जपून ठेवले होते. परंतु कोसंबी निराशेत बसून राहिले नाहीत. ते बुद्धगयेस आले, तेथून कलकत्त्यामार्गे सिंहलद्वीपास गेले, आणि विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पालि शिकले. परतल्यावर त्यांनी काय आणले? पालिचे अध्यापन, सुबोध मराठी ग्रंथ आणि पुढे मुंबईत परळच्या कामगार वस्तीतील बहुजनविहार. मूठ पूर्ण उघडी.

राहुल सांकृत्यायन यांचेही असेच. १९२९ मध्ये शिवरात्रीच्या यात्रेकरूंबरोबर नेपाळात शिरून, वेष पालटून ते ल्हासास पोहोचले. पुढे १९३४, १९३६ आणि १९३८ या वर्षी पुन्हा गेले. शलू, ङोर, साक्य येथील मठांत भारतात नष्ट झालेल्या संस्कृत ताडपत्रांचा त्यांनी शोध घेतला. आचार्य धर्मकीर्तींचे ‘प्रमाणवार्तिक’ त्यामुळे मूळ संस्कृतात पुन्हा हाती आले. वेदप्रामाण्य, जगाचा कर्ता मानणे, तीर्थस्नानाने पुण्य इच्छिणे आणि जातीचा गर्व यांना जडबुद्धीची लक्षणे ठरविणारा हा आचार्य. हिमालयापलीकडून राहुलजींनी आणला तो तर्क, आणि तो कोणीही तपासून पाहावा.

उपसंहार

सांचीच्या दुसऱ्या स्तूपात सापडलेल्या धातुकरंडकांवर मज्झिम आणि कस्सपगोत्त या थेरांची नावे कोरलेली आहेत. कस्सपगोत्तांना तेथे सर्व हिमवत प्रदेशाचे आचार्य म्हटले आहे. महावंसही मज्झिम थेरांना हिमवन्तात पाठविल्याचे सांगतो. म्हणजे आरंभीचे बौद्ध भिक्षू त्या डोंगरांत गेले ते शिकविण्यासाठी. नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर अवघ्या महिन्याभराने, प्रकृती खालावलेली असताना, बाबासाहेबही काठमांडूस गेले. जागतिक बौद्ध परिषदेत २० नोव्हेंबरला ते बोलले ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर. समोर हिमालय होता आणि विषय माणसाच्या दुक्खाचा होता.

तेव्हा हिमालयात जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. जावे, एकांत घ्यावा, तेथील भिक्षूंकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, ते नम्रपणे शिकावे. मात्र वीमंसक सुत्त बरोबर न्यावे, सामान वाहणाऱ्याचे घर कोठे आहे ते विचारावे, आणि परतताना आपल्या वस्तीतील माणसाला देता येईल असे काही आणावे.

त्या तरुणाला आम्ही हे सारे पुन्हा भेटल्यावर सांगितले. त्याने अद्याप काही ठरविलेले नाही. गोविंद यांचा ग्रंथ त्याने आमच्याकडे ठेवला होता तो परत नेला, आणि जाताना ‘निवेदन’ मागून घेतले.