रेशमी स्कार्फवरील वेल : मॉरिस यांची कलादृष्टी आणि मराठवाड्याची वस्त्रपरंपरा

प्रस्तावना :
इंग्लंडमधील ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीचे अग्रणी विल्यम मॉरिस (१८३४-१८९६) यांचे आकृतिबंध आज रेशमी स्कार्फवर सर्रास छापले जातात. तुतीची लागवड करून रेशीम कोष पिकविणाऱ्या हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने या स्कार्फचा विचार केवळ शोभेची वस्तू म्हणून करणे अपुरे ठरते. आकृतिबंध त्यामागील श्रमांपासून वेगळा काढता येतो काय, हा येथे मूळ प्रश्न आहे.

विवेचन :
‘स्ट्रॉबेरी थीफ’ (१८८३) हा मॉरिस यांचा प्रसिद्ध आकृतिबंध मुळात सुती कापडासाठी होता. निळीत रंगविलेल्या कापडावरील रंग ठशांनी उतरवून त्या जागी इतर रंग भरण्याचे काम अनेक दिवस चालत असे. यंत्राने छापलेल्या स्कार्फवर वेल व पक्षी टिकतात. परंतु मॉरिस यांनी कलेचा पाया मानलेला श्रमातील आनंद मात्र लोप पावतो.

याउलट पैठणीतील असावली वेल, मुनिया व बांगडी मोर कापडावर छापलेले नसतात. बाण्याचे रंगीत धागे परस्परांत गुंतवून ते कापडाबरोबरच घडतात. म्हणूनच पारंपरिक पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. सुती ताण्यावर रेशीम खेळविणाऱ्या हिमरू शालीतही नक्षी विणीतूनच उमलते.

हा संबंध एकतर्फी नाही. बेळगाव येथे जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ (१८८०) या ग्रंथात भारतीय कारागिरीचा गौरव केला. मॉरिस यांनीही १८७९ च्या व्याख्यानात इंग्रजी व्यापारामुळे होणाऱ्या तिच्या ऱ्हासाबद्दल खेद व्यक्त केला होता.

तथापि, हस्तश्रमाचा गौरव करताना एक विसंगती दृष्टिआड करता येत नाही. मॉरिस यांच्या वस्तू प्रामुख्याने धनिकांनाच परवडत. अस्सल पैठणीचीही स्थिती याहून वेगळी नाही. छापील स्कार्फ सौंदर्य अधिक लोकांपर्यंत नेतो, हे त्याचे श्रेय मान्य करावे लागते.

निष्कर्ष :
स्कार्फचा दोष त्याच्या यांत्रिकतेत नसून कारागिराच्या विस्मरणात आहे. कोष येथे पिकावेत आणि सूत, वीण व नक्षी यांचे मोल अन्यत्र ठरावे, ही स्थिती मराठवाड्याला हितावह नाही. वस्त्राच्या समीक्षेत नक्षीइतकेच कोष, धागा व हात यांनाही स्थान मिळाले, तरच मॉरिस यांच्या विचारांशी खरी बांधिलकी राखली जाईल.