वेळ कुणाचा, भोंगा कुणाचा?

मोबाईलचा अतिवापर कमी करण्यासाठी मोबाईलवरच अॅप काढायचे, ही कल्पना वरवर पाहता विसंगत वाटते. दारू सोडवण्याचे औषध गुत्त्यातच विकावे, तसे हे आहे. पण विसंगतीवर हसून प्रश्न संपत नाही. अॅपची रचना करणारा वापरणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो, त्या माणसाच्या वेळेची किंमत कोण ठरवतो, हे तपासले पाहिजे. साहित्यकृतीला आपण विचारतो की तिने माणूस कसा पाहिला. यंत्राच्या पडद्यावरील मजकुरालाही तोच प्रश्न विचारायला हरकत नाही.

पुलगावला मी मराठी शिकवतो. आमच्याकडील संगणक शिकणाऱ्या काही मुलामुलींनी असे एक अॅप आखायला घेतले आणि त्यातील मराठी वाक्ये तपासण्यासाठी माझ्याकडे दिली. फोन किती तास वापरला ते मोजायचे, मर्यादा संपली की पडदा करडा करायचा आणि वाक्य दाखवायचे : ‘आज तुम्ही ४ तास वाया घालवलेत. स्वतःवर ताबा ठेवा.’ व्याकरण शुद्ध होते. खटकला तो ‘वाया’ हा शब्द. वेळ वाया गेला, हे ठरवले कुणी?

हा साचा मुलांचा नव्हे. गूगलने मे २०१८ मध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ जाहीर केले; त्याच वर्षी अॅपलने ‘स्क्रीन टाइम’ आणले. मिनिटे मोजा, मर्यादा घाला, आणि मर्यादा मोडण्याची किल्लीही वापरणाऱ्याच्याच हाती ठेवा, अशी दोन्हींची रीत. यूट्यूब गूगलच्याच मालकीचे आहे आणि जाहिरातींचा पैसा आपण पडद्यापुढे बसण्यातूनच येतो. बोट सरकवत राहावे आणि पान कधी संपूच नये, ही युक्ती आझा रास्किन यांनी २००६ मध्ये रचली. पुढे त्यांनी तिच्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. म्हणजे गाठ कशी मारली हे मारणाऱ्यांना ठाऊक आहे. तरीही संयमाचा उपदेश मात्र बांधल्या गेलेल्यालाच! दुःख तुमच्या कर्माने आले असे सांगणाऱ्या पोथीची भाषा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. ती आता आकडेवारी घेऊन आली आहे, एवढेच.

वर्गातील एखाद्या मुलीच्या फोनवर ४ तास दिसतात, तेव्हा त्यात काय काय असते? शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. ओटीपी येईपर्यंत आणि अडकलेले पान उघडेपर्यंत फोन हातात धरून बसावे लागते. स्पर्धा परीक्षेची व्याख्याने यूट्यूबवर असतात. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे शासकीय खंड, ज्यांतील पहिला १९७९ मध्ये निघाला, ग्रंथालयात हाती लागले नाहीत तर फोनवर वाचता येतात. आई अंगणवाडी सेविका असेल तर २०२१ पासून पोषण ट्रॅकरच्या नोंदी तिच्यामागे लागल्या. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून अॅपवर चढवणे सक्तीचे झाले. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षणसंस्थांनीच वर्ग फोनवर नेले. ज्या व्यवस्थेने फोन हाती घ्यायला लावला, तीच आता ‘व्यसनी’ म्हणून बोट दाखवते.

रील्स पाहण्यात बुडालेली रात्रही त्याच ४ तासांत असते, हे मी नाकारत नाही. सकाळच्या तासाला तारवटलेले डोळे मला दिसतात. वाचनाची सवय लागण्याआधीच मोडते आहे. घरातून पहिल्यांदाच शिकायला निघालेल्या मुलाला हे नुकसान परवडणारे नाही. त्याच्यामागे दुसरी संधी उभी नसते. म्हणूनच अॅप हवे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज आणि रील्स एकाच मापाने मोजणारे अॅप त्याच्या कामाचे नाही.

वेळेवरचा हक्क आपल्या समाजाला फुकट मिळालेला नाही. मुंबई इलाख्यातील महार वतनात माणसाच्या दिवसाला तासच नव्हते. हाक आली की रात्री-अपरात्री निघावे लागे. त्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये आणले. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, तेव्हा मजूरमंत्री बाबासाहेब होते. कापडगिरणीचे गाव म्हणून वाढलेल्या पुलगावला भोंगा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. या लढ्यांत कुणी कामगाराला ‘स्वतःवर ताबा ठेव’ म्हटले नाही. मर्यादा घातली ती यंत्राच्या मालकाला.

अलीकडचे २ प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यास करायचा. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बांसी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला, दंडासह. मला वडगावचा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण तो मोठ्यांनाही लागू आहे आणि त्याला वेळेची हद्द आहे. तरीही ‘गावाने ठरवले’ हे शब्द आपण सावधपणे ऐकतो. गाव ठरवते तेव्हा कुणाचा आवाज ऐकला गेला, आणि घरात पहिला फोन मुलीचाच काढून घेतला गेला का, हे विचारावेच लागते.

मुलांना मी सुचवले ते असे. ‘वाया’ हा शब्द काढा. ‘हा वेळ कुठे गेला?’ असे विचारा आणि उत्तर वापरणाऱ्याला लिहू द्या. सरकारचे काम, मालकाचे काम, स्वतःचा अभ्यास आणि कंपनीने ओढून नेलेला वेळ यांचे रकाने वेगळे ठेवा. कोणत्या कंपनीने दिवसात किती वेळा घंटी वाजवून बोलावले, तो आकडा सर्वांत वर दाखवा. फोन बंद ठेवण्याचा तास ४-५ मित्रमैत्रिणींनी मिळून ठरवावा. नोंद त्याच फोनमध्ये राहावी. बाप, भाऊ किंवा मास्तर, कुणालाही ती दिसू नये. आणि बक्षिसे, पदके नकोत; अॅप उघडायची गरज कमी होत जाणे, हेच त्याचे यश.

एवढ्याने कंपन्या बदलणार नाहीत. पान कुठे तरी संपले पाहिजे, व्हिडिओ आपोआप सुरू होता कामा नये, हे बंधन कायद्यानेच घालावे लागेल. पण आपला वेळ कोण नेतो हे ज्याला रकान्यांतून दिसले, तो स्वतःला दोष देत बसणार नाही. तो हिशेब मागेल. त्या मागणीपर्यंत नेणारे अॅप आपल्याला हवे आहे.