उधळ्या पुत्राच्या कथेतील एक अनुल्लेख

ख्रिस्ती धर्मातील पश्चात्ताप व क्षमा यांचे विवेचन लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायावाचून क्वचितच पुरे होते. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला पुत्र अशा तीन कथा तेथे एकामागून एक येतात. त्यांपैकी तिसरी, ‘उधळ्या पुत्राचा दृष्टांत’ या नावाने प्रसिद्ध असलेली कथा, पश्चात्तापाचा आदर्श म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. संहितेच्या कसोटीवर हा प्रघात कितपत टिकतो, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम एक भाषिक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मूळ ग्रीक संहितेत पश्चात्तापासाठी ‘मेटानोइया’ हा शब्द आहे. मन पालटणे हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. पहिल्या दोन कथांच्या समारोपात हा शब्द वा त्याचे क्रियारूप येते. तिसऱ्या कथेत मात्र ते एकदाही येत नाही. मेंढराला व नाण्याला तर पश्चात्ताप संभवतच नाही. कोणी शोधतो आणि ती सापडतात, इतकेच. जेथे पश्चात्ताप अशक्य तेथे त्याचा शब्द आहे. जेथे तो शक्य तेथे शब्द नाही. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

पुत्राचे वर्तन पाहिल्यास या अनुल्लेखाचे मर्म कळू लागते. दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी आल्यावर तो भानावर येतो. परंतु त्याला प्रथम आठवते ते बापाच्या घरच्या मजुरांना मिळणारे पोटभर अन्न. मग तो कबुलीचे शब्द मनाशी जुळवितो व शेवटी मजूर म्हणून ठेवून घेण्याची विनंती जोडतो. हा अनुताप नसून भुकेचा हिशेब आहे, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु कथा पुत्राच्या हेतूची परीक्षा घेतच नाही. तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो. पुत्र बोलतो तो त्यानंतर. त्याची कबुली उच्चारली जाते, मजुरीची विनंती मात्र राहून जाते. काही हस्तलिखितांत ती येथेही आढळते. पण ती मागाहून जुळविलेली असावी, असे बहुतेक संपादकांचे मत आहे. मजुरी म्हणजे फेड. क्षमेत कबुलीला स्थान आहे, फेडीच्या सौद्याला नाही, हेच या मौनाने सूचित होते.

याउलट मत्तयाच्या शुभवर्तमानातील यहूदा पाहावा. त्याच्यासाठी ‘मेटामेलोमाय’ हे निराळे क्रियापद योजिले आहे. तो अपराध कबूल करतो, ३० नाणी परत करतो आणि अखेर आत्मघात करतो. त्याचा ताप पेत्राच्या रुदनाहून उणा होता असे कोण म्हणेल? परंतु तो गेला याजकांकडे; त्यांनी हात झटकले. भेद तापाच्या तीव्रतेत नसून तो कोणत्या दिशेस वळला यात आहे. लॅटिन ‘पेनितेन्तिया’ या शब्दकुलाने दोन्ही अर्थ एकत्र केले. एरॅस्मसने १५१९ च्या आवृत्तीत शुद्धीवर येणे या अर्थाचे क्रियापद योजून हा भेद पुन्हा पुढे आणला. ल्यूथरनेही १५१८ मधील एका पत्रात ग्रीक अर्थाचे ऋण मान्य केले आहे. आपला ‘पश्चात्ताप’ हा शब्दही नंतरच्या जळण्यावरच भर देतो. मराठी वाचकाला परतण्याचा अर्थ त्यात आपल्याकडून घालावा लागतो.

आता थोरल्या भावाचा प्रश्न. क्षमा इतकी स्वस्त असेल, तर निष्ठेने राबणाऱ्याचे काय? त्याची तक्रार न्याय्य आहे. मालमत्तेची वाटणी झालेली असल्याने कापलेले पोसलेले वासरूही एका अर्थी त्याच्याच वाट्याचे होते. म्हणजे क्षमेचे मोल दिले जाते. मात्र ते अपराधी देत नाही. थोरला धाकट्याचा उल्लेख बापाचा मुलगा असा करतो; बाप उत्तरात त्यालाच थोरल्याचा भाऊ म्हणतो. सारा वाद या एका नात्याच्या शब्दावर येऊन ठेपतो. आंद्रे जीदने १९०७ मध्ये ही कथा नव्याने लिहिताना आणखी एक धाकटा भाऊ कल्पून त्याला घराबाहेर पाठविले. मूळ कथेत थोरलाच बाहेर उभा आहे, आणि तो आत गेला की नाही हे सांगितलेले नाही.

हे सारे पाप्यांसमवेत जेवणाऱ्या येशूविषयी कुरकुर करणाऱ्या परूशी व शास्त्री यांना उद्देशून आहे, हे विसरता कामा नये. पहिल्या कथेत पश्चात्तापाची गरज नसलेले ९९ नीतिमान होते. तिसऱ्या कथेत त्यांचा प्रतिनिधी अंगणात उभा आहे. कथेने गाळलेला शब्द धाकट्यासाठी नव्हे, तर या थोरल्यासाठी राखून ठेवला असावा, असे मला वाटते.