लॅपटॉप उघडता यायला हवा

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई-३० विमाने सुटी करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा उडण्याजोगी केली जातात. शाळेच्या लॅपटॉपला मात्र हे भाग्य क्वचितच लाभते. काही लॅपटॉपचे मागचे झाकण काढून रॅमची पट्टी बदलता येते; फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर तेच यंत्र चपळ होते. पण २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली होती. आज अनेक लॅपटॉपांत तशीच असते. त्यामुळे जाडी कमी होते, हे आम्हांला मान्य आहे. परंतु रॅम अपुरी पडली की सबंध मदरबोर्ड किंवा लॅपटॉपच बदलावा लागतो. ही किंमत शाळेने का मोजावी? शिक्षकांनी खरेदीपूर्वीच विचारावे : रॅम व एसएसडी बदलता येतात का?