बरे कशाने झाले?

अस्थिमज्जारोपण पार पडते, नवी मज्जा रुजू लागते, आणि काही आठवड्यांनी मुलाच्या लघवीतून रक्त जाऊ लागते. कधी रक्ताच्या गाठी अडकून लघवी तुंबते, मूल कळवळते. डॉक्टरांनी काहीतरी करावे असे सर्वांनाच वाटते. माझी तक्रार या 'काहीतरी'विषयी आहे.

रोपणानंतर लगेच होणाऱ्या रक्तस्रावाचे एक कारण पक्के ठाऊक आहे. सायक्लोफॉस्फमाइड या औषधापासून शरीरात ॲक्रोलिन बनते आणि लघवीत उतरून मूत्राशयाचे अस्तर पोळते. मेस्ना हे गंधकयुक्त औषध त्याला लघवीतच बांधून टाकते. वर्गात जरूर सांगावे असे हे रसायनशास्त्र आहे.

उशिरा होणारा रक्तस्राव मात्र बहुधा बीके विषाणूशी निगडित असतो. १९७१ मध्ये मूत्रपिंडरोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला; त्या रुग्णाची आद्याक्षरे विषाणूला मिळाली. बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो व मूत्रसंस्थेत मुकाट पडून राहतो. प्रतिकारशक्ती ढासळली की डोके वर काढतो. तिथे मेस्नाचे काही चालत नाही.

मग सिडोफोव्हिर, सिप्रोफ्लॉक्सासिन, दाबाखालचा ऑक्सिजन, तुरटीच्या पाण्याने मूत्राशय धुणे (होय, आपली दाढीनंतरचीच तुरटी!) असे नाना उपाय होतात. प्रत्येकाच्या बाजूने 'इतक्यांपैकी इतके बरे झाले' असे निबंध आहेत. बहुतेकांत तुलनेसाठी दुसरा गटच नाही. नवी मज्जा जोम धरते तशी प्रतिकारशक्ती परतते आणि पुष्कळ मुले तशीही बरी होतात. मग श्रेय कोणाला? सिडोफोव्हिर मूत्रपिंडाला इजा करू शकते, तेव्हा हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही.

२०१७ मध्ये विषाणूविरोधी टी-पेशी देण्याच्या एका अभ्यासात अशा १४ रुग्णांपैकी १३ जणांचे दिसणारे रक्त सहा आठवड्यांत थांबले. आकडा भुरळ घालणारा होता, मलाही घातली. पुढे याच पद्धतीच्या पेशींची प्लासीबोशी तुलना करणारी मोठी चाचणी झाली. ती डिसेंबर २०२३ मध्ये मध्येच थांबवली, कारण फायदा सिद्ध होण्याची शक्यता उरली नव्हती. १३ जण बरे झाले हे खोटे नव्हते. कशाने, एवढेच गृहीत धरले होते.

आजही मुख्य आधार आहे तो भरपूर द्रवपदार्थ, प्लेटलेट, वेदनाशामके आणि नळीवाटे सलाइनने मूत्राशय धुण्याचा. रात्री-अपरात्री गाठी काढणाऱ्या परिचारिकेवर मात्र कोणी निबंध लिहीत नाही.